टर्कीतून कुणी शहाणं होत नाही

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत अमली पदार्थांवर परिसंवाद झाला. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. म्हणाले, "व्यसन सोडवायला पुन्हा गोळ्याच द्यायच्या, तर सोडवलं काय? चार दिवस भोगू दे, जन्माची अद्दल घडेल." सभागृहात टाळ्या पडल्या. व्यासपीठावरच्या तरुण डॉक्टरांनी उत्तर दिलं की हा मेंदूचा आजार आहे, आता औषधं चांगली आली आहेत, दहा दिवसांत माणूस 'क्लीन' होतो. त्यांनाही टाळ्या पडल्या. मला पहिलं म्हणणं क्रूर वाटलं आणि दुसरं अर्धवट. त्या अर्धवटपणातही माणसं मरतात, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. अफू आणि तिच्या गोतावळ्यातले सगळे पदार्थ, म्हणजे गर्द (भेसळीचं, कच्चं हेरॉइन), हेरॉइन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या, सोडताना शरीराला जो त्रास होतो तो औषधांनी कमी केलाच पाहिजे. यात लाड कसले? उपचार सुरूच व्हायचे असतील तर एवढं करावंच लागतं. पण तो त्रास ओसरल्यावर "झालं, सुटलं" म्हणून औषध थांबवायचं आणि माणसाला घरी धाडायचं, यात न सोडण्यापेक्षाही जास्त धोका असू शकतो. 'औषध की मनोबल' असा प्रश्न मांडला की या दोन्ही गोष्टी दिसेनाशा होतात.

ज्यांनी टर्की जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टर्की हा या त्रासासाठी गर्द ओढणाऱ्यांचा शब्द. डॉक्टर त्याला विथड्रॉवल म्हणतात. शेवटची पुडी ओढल्यापासून आठ ते बारा तासांत जांभया सुरू होतात, नाका-डोळ्यांतून पाणी गळायला लागतं. मग घाम, अंगावर काटा, पोटात पिळे, उलट्या, जुलाब. हाडांत कुणी गिरमिट फिरवावं तशा कळा येतात. पाय एका जागी ठरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे टोकाला जातं आणि आठवड्या-दहा दिवसांत ओसरतं; झोप मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे येत नाही. मेंदूच्या देठाशी पेशींचा एक छोटा पुंजका आहे, लोकस सेरुलिअस नावाचा. शरीराला जागं आणि सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन तिथून सुटतं. अफू ते दाबते. रोज दाबली जाणारी ही यंत्रणा हळूहळू उलट रेटा वाढवत नेते. दार दोन्ही बाजूंनी रेटलं जात असताना एकाने अचानक हात काढला तर दुसरा तोंडघशी पडतो, तसं इथे होतं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं क्लोनिडीन हा सुटलेला रेटा शांत करतं, हे १९७८ पासून माहीत आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही अफूच्याच गोतावळ्यातली औषधं दुसऱ्या वाटेने जातात: अफूची जागा स्वतः धरतात आणि मग दारावरचा हात सावकाश काढू देतात.

यात चारित्र्याचा दोष नेमका कुठे आहे? गिरण्या जोरात होत्या त्या काळात मुंबईच्या चाळींमधल्या कामगार बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी चाटवून पाळीला जात. मूल रडलं तर त्याला घ्यायला घरात कुणी नसे. ती गोळी अंगवळणी पडलेल्या बाळाचं मनोबल कमी होतं, असं कुणी म्हणेल का? आजही गर्दच्या विळख्यातल्या आईचं मूल जन्मल्यावर एक-दोन दिवसांत थरथरायला लागतं, किंचाळून रडतं, दूध ओकतं. बालरोगतज्ज्ञ त्याला मॉर्फिनचे मोजके थेंब देतात आणि मात्रा दिवसागणिक उतरवत नेतात. त्या अर्भकाला चार दिवस भोगू द्या, असं मुख्याध्यापकही म्हणणार नाहीत. मग तेवीस वर्षांच्या मुलाबद्दल का म्हणतो? त्याने पहिली पुडी स्वतःच्या हाताने घेतली म्हणून? बिडी ओढून हृदयविकार झालेल्याला छातीत कळ आल्यावर आपण "भोग आता" म्हणून औषध नाकारत नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते पाहू. सगळ्यात भक्कम मुद्दा इतिहासाचा आहे. १८८४ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने मॉर्फिन सोडवण्यासाठी कोकेनची शिफारस केली आणि आपल्या मित्रालाच ते दिलं. मित्राचं मॉर्फिन तर सुटलं नाहीच, वर कोकेनही जडलं. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून, आणि मॉर्फिनसारखी सवय त्याने लागत नाही असा त्या काळी समज होता. म्हणजे 'एक व्यसन काढायला दुसरं' ही भीती हवेतून आलेली नाही. वैद्यकशास्त्राने ती दोनदा तरी खरी करून दाखवली आहे.

पण या इतिहासातून निष्कर्ष कोणता निघतो? नव्या औषधाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, ते मोजून पाहा, हा. आणि ब्युप्रेनॉर्फिन मोजून पाहिलेलं आहे. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, म्हणून ओढणारा दिवसातून तीन-चार वेळा टर्कीच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याचा सगळा दिवस पुढच्या पुडीच्या मागे जातो. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळली की साधारण दिवसभर, कधी दोन दिवसही टिकते. शिवाय ती अर्धीच किल्ली फिरवते: एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी श्वास मंदावण्याचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. (झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर मात्र हे संरक्षण टिकत नाही, आणि हे रुग्णाच्या घरच्यांना स्पष्ट सांगितलंच पाहिजे.) मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. व्यसन म्हणजे नुसतं शरीराचं अवलंबन नव्हे. व्यसनात माणूस त्या पदार्थासाठी नोकरी, घर, अब्रू, सगळं पणाला लावतो. सकाळी एक गोळी घेऊन कामावर जाणारा आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेणारा माणूस शरीराने त्या गोळीवर अवलंबून असेल. मधुमेहीही इन्सुलिनवर अवलंबून असतो. दोघांनाही आपण व्यसनी म्हणू लागलो तर त्या शब्दाला अर्थच उरणार नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. तोही खरा आहे. नव्वदच्या दशकात दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशा शहरांत वेदनाशामक म्हणून मिळणारी ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शनं अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि झोपेच्या डायझेपामबरोबर मिसळून शिरेतून घेणाऱ्यांची एक पिढीच होती. सुया वाटून घेतल्याने त्यांच्यात एचआयव्ही पसरला. त्यावरचा एक उपाय गोळीतच आहे: ब्युप्रेनॉर्फिनसोबत नालॉक्सोन, म्हणजे अफूचा अंमल उतरवणारं, अतिमात्रेवरचा उतारा असलेलं औषध, घातलेलं असतं. जिभेखाली ते फारसं शोषलं जात नाही. पण कुणी गोळी विरघळवून टोचली तर ते जागं होतं आणि टर्की आणू शकतं. कुलूप पक्कं नाही, पण आहे. औषध चोरवाटेने बाहेर जातं म्हणून ते देणंच बंद करायचं, या हिशोबाने कॅन्सरच्या रुग्णांचं मॉर्फिनही बंद करावं लागेल. खरं तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने आपण ते जवळजवळ केलंच होतं. वर्षानुवर्षं इस्पितळं मॉर्फिन ठेवायला घाबरली आणि माणसं कळा सोसत गेली. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. तीच चूक पुन्हा करायची आहे का?

तिसरं म्हणणं मला सगळ्यात जवळचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्याकडे व्यसनमुक्तीचं काम मायेवर, समुपदेशनावर, बरे झालेल्या मित्रांच्या साथीवर उभं राहिलं. अनेकांनी एकही गोळी न घेता गर्द सोडली आणि तीस-तीस वर्षं सोडलेली ठेवली. त्यांचं म्हणणं असं की औषधाने शरीर निवतं, माणूस बदलत नाही. बरोबर आहे. पण महाराष्ट्रात ही परंपरा ज्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुजवली, ते १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं आणि ते उभं करणाऱ्यांत डॉ. सुनंदा अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या. माया आणि औषध यांचं भांडण तिथे नव्हतं. ते नंतर आपण लावून दिलं. समुपदेशन ऐकण्यासाठी माणूस खुर्चीत बसू शकला पाहिजे. जुलाबाने गळालेला, तीन रात्री न झोपलेला, पाय झाडणारा माणूस गटाच्या बैठकीत काय ऐकणार? त्याला एवढंच ऐकू येत असतं की एक पुडी घेतली तर हे सगळं पाच मिनिटांत थांबेल.

आता आमच्या चाळीतली गोष्ट. १९८७ सालची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा एक मुलगा गर्दला लागला होता. वडील गिरणी संपानंतर घरी बसलेले. कुणीतरी त्यांना सांगितलं की कोंडून ठेवा, आठ दिवसांत उतरतं. त्यांनी पोटमाळ्यावर कोंडलं. खाली आम्हाला त्याचं ओरडणं, मग रडणं, मग आईला घातलेल्या शिव्या ऐकू येत. त्याच्या आईने ते दिवस स्वयंपाकघरात कान झाकून काढले. सातव्या दिवशी तो खाली उतरला, आंघोळ केली, भात-आमटी जेवला. चाळभर आनंद झाला. वडिलांनी पेढे वाटले. माझ्या वडिलांनी त्यांची पाठ थोपटली ती मला आठवते: "जिंकलात, अण्णा." तो पंधरवड्यानंतर गेला. रात्री सार्वजनिक संडासात सापडला, गर्द ओढायची पन्नी आणि पुडी शेजारी. सगळे म्हणाले, शेवटी जातीवर गेला, पुन्हा जास्तच घेतली असणार.

जास्त घेतली नव्हती. त्याची नेहमीची पुडी घेतली असणार, आणि हे मला कळायला वीस वर्षं लागली. रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला जी मात्रा पचते, ती सवय आठवड्याभरात उतरायला लागते. ओढ मात्र उतरत नाही. माणूस जुन्या ओढीने जुनी पुडी घेतो, आणि नवं शरीर श्वास घ्यायचं थांबवतं. लंडनच्या संशोधकांनी २००३ मध्ये इस्पितळात राहून उपचार घेतलेल्या १३७ रुग्णांचं पुढे काय झालं ते पाहिलं. पहिल्या चार महिन्यांत अतिमात्रेने तिघे गेले होते. तिघेही उपचार पूर्ण करून, सवय उतरवून बाहेर पडलेल्यांपैकी होते. अर्ध्यातून पळालेल्यांपैकी नव्हते. आकडा लहान आहे, पण वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांच्या मोठ्या पाहणीतही हेच चित्र दिसलं: सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास तेरापट, आणि पहिलं कारण अतिमात्रा.

म्हणून त्या तरुण डॉक्टरांचं 'दहा दिवसांत क्लीन' हे वाक्यही मला पटत नाही. पोटमाळ्यावर कोंडून काढलेले सात दिवस आणि वातानुकूलित खोलीत गोळ्या देऊन काढलेले दहा दिवस यांत त्रासाचा फरक प्रचंड आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पण अकराव्या दिवशी दोघेही सारख्याच कड्यावर उभे असतात. स्वीडनमधला एक प्रयोग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. चाळीस हेरॉइनग्रस्त. सगळ्यांना सारखंच, भरपूर समुपदेशन. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन. उरलेल्या वीस जणांना सहा दिवस उतरत्या मात्रेने, त्रास होऊ नये म्हणून, आणि मग औषध नसलेली गोळी. वर्षाअखेर पहिल्या गटातले पंधरा जण उपचारात टिकून होते आणि सगळे जिवंत होते. दुसऱ्या गटातलं कुणीही टिकलं नव्हतं. चार जण मेले होते. सहा दिवसांचं औषध दोन्हीकडे होतं, समुपदेशन दोन्हीकडे होतं. फरक होता तो सातव्या दिवसानंतरच्या गोळीचा.

मग वर्षानुवर्षं गोळी द्यायची का? काहींना, हो. सगळ्यांना नाही. ज्याची सवय अलीकडची आहे, घरचा आधार आहे, काम आहे, तो काही महिन्यांत हळूहळू उतरू शकेल. ज्याने दहा वर्षं शिरेतून घेतलं आहे त्याला घाईने उतरवू नये. गरोदर बाईला तर मुळीच नाही. अचानक टर्की पोटातल्या गर्भालाही धोक्याची. हा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायचा असतो, तो सभागृहातल्या टाळ्यांवर ठरत नाही.

भोगू दे म्हणणाऱ्यांना मला पुण्याची एक आठवण करून द्यायची आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कमिटीने सोल्जर घरात घुसवून रुग्ण शोधले आणि त्यांना छावण्यांत नेलं. रोग पसरू नये हा हेतू चुकीचा नव्हता. पण लोकांना उपचारांचीच दहशत बसली आणि घराघरांत रुग्ण लपवले जाऊ लागले. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ हडपसरला, सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत याचा दवाखाना होता. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे पोचल्या आणि त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. आजाऱ्याकडे जाण्याच्या या दोन रीती होत्या. टर्कीची भीती गर्दवाल्याला केंद्राच्या दारापासून लांब ठेवते, हे केंद्रांत काम करणारा प्रत्येक जण सांगेल. आत बांधून ठेवतात, मारतात, ओरडलं तरी ऐकत नाहीत, अशा गोष्टी पन्नी ओढणाऱ्यांच्या अड्ड्यावर वाऱ्यासारख्या पसरतात, आणि अशा गोष्टी घडवणारी बेकायदा केंद्रं या देशात आहेत. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या (अफूच्या गोतावळ्यातल्या पदार्थांच्या) वापरासाठी मदतीची गरज आहे. एवढ्या माणसांना पकडून आणता येणार नाही. त्यांना यावंसं वाटलं पाहिजे.

पंजाबात २०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोनची गोळी नर्ससमोर घ्यायची सोय झाली. रोज येऊन, रांगेत उभं राहून. हजेरीने गैरवापर कमी होतो, पण शेतमजुराचा रोजचा अर्धा दिवस जातो आणि तो हळूहळू येईनासा होतो. २०२० च्या टाळेबंदीत नाइलाजाने घरी न्यायला गोळ्या द्याव्या लागल्या, आणि ही अट किती सैल करता येईल हा प्रश्न उघड्यावर आला. यावर वाद घालण्यासारखा आहे. कुणाला किती दिवसांच्या गोळ्या घरी द्यायच्या, किती महिने स्थिर राहिल्यावर द्यायच्या, गोळी बाजारात गेली तर कसं कळणार? आपल्या परिसंवादांत हे प्रश्न यायला हवेत. फ्रान्सने १९९६ मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. काही गोळ्या तिथेही काळ्या बाजारात गेल्या. दोन्ही गोष्टी समोर ठेवूनच ठरवायला हवं.

आणि घरच्यांसाठी. केंद्रात मुलाला सोडताना विचारा, टर्कीसाठी कोणतं औषध देता? "आमच्याकडे औषधं नाहीत, योगावर सोडवतो" असं उत्तर आलं तर उठा. "एक पावडर देतो, नाव सांगत नाही" असं आलं तरी उठा. ब्युप्रेनॉर्फिन देणार असतील तर टर्की सुरू होण्याआधी घाईने देऊ नयेत. अंगात गर्द असताना दिली तर तीच गोळी जोराची टर्की आणते, आणि मग मुलगा म्हणतो औषधानेच मारलं. क्लोनिडीन देत असतील तर रक्तदाब मोजतात का पाहा. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनग्रस्ताला अमली पदार्थ कायद्याच्या ६४अ कलमाचं संरक्षण मिळू शकतं, तेव्हा पोलिसांच्या भीतीने घरात कोंडू नका. आणि दहाव्या दिवशी त्याला न्यायला जाल तेव्हा फाइल आणि पिशवी घेऊन लगेच निघू नका. पुढच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या, पुढच्या भेटीची तारीख, मिळत असेल तर नालॉक्सोन, हे हातात घ्या, आणि एक वाक्य डॉक्टरांकडून त्याच्यासमोर वदवून घ्या: आता याची जुनी पुडी याला मारू शकते. पेढे वाटले त्या दिवशी आमच्या चाळीत हे वाक्य कुणालाच माहीत नव्हतं.